गच्चीवर सौर पॅनेल बसवताना: दर विचारण्याआधीची तयारी, अनुदानाचा हिशेब आणि कामांचा क्रम

मुंबईत सौर पॅनेल बसवू पाहणारी बहुतेक कुटुंबे आणि सोसायट्या पहिला दूरध्वनी विक्रेत्याला करतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘किलोवॅटला किती?’ पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या प्रश्नात असते. किती किलोवॅट हवेत, गच्चीवर तेवढी जागा आहे का, वीजबिल कोणाच्या नावावर आहे, हे ठरलेले नसताना मिळालेल्या दराला काहीच अर्थ नसतो. दुसरी चूक केंद्र सरकारच्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेतून मिळणाऱ्या अनुदानाविषयीची आहे. अनुदान किमतीतून आधी वजा होईल असे गृहीत धरून पैशांची जुळवाजुळव केली जाते. प्रत्यक्षात पूर्ण रक्कम आधी भरावी लागते आणि अनुदान सर्वांत शेवटी, यंत्रणा सुरू झाल्यानंतर, ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणून खालील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत.

टप्पा १: वर्षभराची बिले समोर ठेवा

मागील बारा महिन्यांची वीजबिले काढून प्रत्येक महिन्याचे युनिट एका कागदावर लिहावेत. एकाच महिन्याच्या बिलावरून क्षमता ठरवू नये, कारण एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन यंत्रामुळे वाढलेला वापर आणि जानेवारीतला वापर यांत मुंबईतही मोठे अंतर असते.

बिलावरील चार गोष्टी तपासाव्यात: ग्राहकाचे नाव, ग्राहक क्रमांक, मंजूर भार (एका वेळी किती किलोवॅट वीज घेण्याची परवानगी आहे ते) आणि ग्राहकवर्ग (घरगुती की व्यावसायिक). यांतील नाव हीच सर्वाधिक वेळ खाणारी बाब ठरते. वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येत असते. सोसायटीच्या सामाईक मीटरचे बिल अजूनही विकासकाच्या नावाने निघत असते. अर्जदार, वीजजोडणीचा ग्राहक आणि अनुदान जमा होणारे बँक खाते या तिन्ही ठिकाणी एकच नाव असावे लागते. नावबदल झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. आपली वीजजोडणी बेस्टची आहे, अदानी इलेक्ट्रिसिटीची, टाटा पॉवरची की मुलुंड-भांडुपकडे महावितरणची, हेही आधी पाहून घ्यावे, कारण योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरील अर्ज त्याच कंपनीकडे जातो.

इशारा: उपनगरांत अनेकांनी वीजपुरवठादार बदललेला असतो. जुन्या बिलावरील ग्राहक क्रमांक अर्जात घालू नये.

टप्पा २: गच्ची पाहा, आणि सावली खडूने आखा

एका किलोवॅटच्या पॅनेलांना साधारण १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. या वाक्यातील ‘सावलीमुक्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मुंबईच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, जिन्यावरचे छत, डिश अँटेना आणि कठडा असतो, शिवाय शेजारी अधिक उंच इमारत असते. एकाच साखळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली पडली तरी संपूर्ण साखळीची निर्मिती घटू शकते.

हे तपासण्याची सर्वांत खात्रीची पद्धत अगदी साधी आहे. शक्यतो डिसेंबर-जानेवारीतील एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन प्रत्येक सावलीची कड खडूने आखावी आणि वेळ शेजारी लिहावी. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर येतो; दोन मीटर उंच टाकीची भर दुपारची सावलीसुद्धा उत्तरेकडे जवळजवळ पावणेदोन-दोन मीटरपर्यंत पसरते, आणि सकाळ-संध्याकाळी त्याहून पुष्कळ लांब जाते. मे महिन्यात पाहणी केली तर हीच जागा स्वच्छ उन्हात दिसते आणि फसवते. तिन्ही वेळच्या रेषांच्या बाहेर जी जागा उरते, ती खरी उपलब्ध जागा होय. शेजारच्या भूखंडावर पुनर्विकासाचे काम सुरू होणार असेल तर तिथे उभ्या राहणाऱ्या मनोऱ्याची दिशाही लक्षात घ्यावी. दक्षिणेकडील मनोरा पॅनेलांना सर्वाधिक मारक ठरतो.

त्यानंतर गच्चीचे आरोग्य पाहावे. वॉटरप्रूफिंग खराब असेल तर ते आधी करून घ्यावे, कारण एकदा पॅनेलांचा सांगाडा उभा राहिला की त्याखालचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) उखडणे जवळपास अशक्य होते. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा ताजा अहवाल हाती असावा आणि पॅनेल, सांगाडा व सिमेंटचे ठोकळे यांचे वजन गच्ची पेलेल याची लेखी खात्री संरचना अभियंत्याकडून घ्यावी.

तपासणी: आपल्याच इमारतीचा पुनर्विकास पुढील चार-पाच वर्षांत होण्याची दाट शक्यता असेल तर इथेच थांबावे. यंत्रणा काढून पुन्हा बसवण्याचा खर्च आणि मधला खंड धरल्यावर हिशेब जुळत नाही.

टप्पा ३: क्षमता ठरवा, अनुदानाच्या कमाल मर्यादेवरून ठरवू नका

मुंबईत एक किलोवॅट यंत्रणा वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट वीज देते. पावसाळ्यातील घट, धूळ आणि थोडीफार सावली लक्षात घेऊन महिन्याला ११० युनिट धरून हिशेब केला तर निराशा होत नाही. विक्रेते १२० ते १३० धरतात. जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ आठवडा लागला की हा आकडा कोसळतो.

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत, जिची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली, घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीनला ७८,००० रुपये. त्यापुढे पाच किलोवॅट बसवले तरी अनुदान ७८,००० रुपयेच राहते. ही आकडेवारी वाचून बहुतेक जण ‘तीनच बसवू, पूर्ण अनुदान मिळेल’ असे ठरवतात. हा निर्णय नेहमी बरोबर नसतो, आणि त्याचे कारण बिलाच्या दररचनेत आहे.

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, पुढे आणखी महाग. सौर वीज ही वजाबाकी वरच्या टोकाकडून करते. समजा एका घराचा वापर महिन्याला ३५० युनिट आहे. दोन किलोवॅटची यंत्रणा २२० युनिट देईल आणि बिलातील १३१ ते ३५० हे महागडे युनिट पुसून टाकेल. तिसरा किलोवॅट आणखी ११० युनिट देईल, पण ते २१ ते १३० या पट्ट्यातले, म्हणजे बहुतांश स्वस्त दराचे असतील. तिसऱ्या किलोवॅटला अनुदान कमी आणि बचतही कमी, असा हा दुहेरी फरक आहे. नवे वातानुकूलन यंत्र किंवा विजेवर चालणारी गाडी लवकरच घ्यायची असेल तर तिसरा किलोवॅट जरूर घ्यावा. तसे नसेल तर त्याचा खर्च वेगळा मांडून पाहावा आणि मगच ठरवावे.

गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून उरलेली वीज विकून पैसे मिळतील, ही समजूतही सोडून द्यावी. नेट मीटरमध्ये, म्हणजे कंपनीकडून घेतलेली आणि कंपनीला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमध्ये, जादा युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात. आर्थिक वर्षाअखेर, म्हणजे मार्चअखेर, शिल्लक राहिलेल्या युनिटचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, आणि तो दर आपण वाचवत असलेल्या महागड्या युनिटच्या दराजवळही जात नाही.

इशारा: अनुदान पॅनेलांची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांपैकी जी कमी असेल तिच्यावर मोजले जाते. इन्व्हर्टर तीन किलोवॅटचा, पण पॅनेल ५४० वॅटची पाचच असतील तर क्षमता २.७ किलोवॅट ठरते आणि अनुदान ७८,००० ऐवजी ७२,६०० रुपये होते. सहावे पॅनेल का घातले नाही, हे करारापूर्वी विचारावे.

टप्पा ४: सोसायटी असेल तर ठराव आधी

गावठाणातील स्वतंत्र घर किंवा रो-हाउस असेल तर हा टप्पा सोडून द्यावा. मुंबईतल्या बाकीच्यांना मात्र तो टाळता येत नाही, कारण गच्ची सोसायटीची असते. एखाद्या सदनिकाधारकाला स्वतःच्या मीटरसाठी गच्चीवर पॅनेल बसवायचे असतील तर जागा नेमकी कोणती, किती आणि किती वर्षांसाठी, हे नमूद केलेले सोसायटीचे लेखी ना-हरकत पत्र लागते. सर्वांनाच तेवढी जागा देता येत नाही, त्यामुळे तंटे होतात. माझ्या मते उंच इमारतीत लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे आणि गाड्यांचे चार्जिंग यांच्या सामाईक मीटरसाठी यंत्रणा बसवणे हाच अधिक न्याय्य मार्ग आहे. बचत देखभाल शुल्कातून प्रत्येक घराला पोहोचते.

सोसायटीच्या सामाईक सुविधांसाठी अनुदान प्रतिकिलोवॅट १८,००० रुपये आहे. त्याला घरामागे तीन किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट अशी मर्यादा असून, सभासदांनी स्वतंत्रपणे बसवलेली क्षमताही तिच्यात धरली जाते. समजा चाळीस सदनिकांची सोसायटी १५ किलोवॅटची यंत्रणा बसवते आणि सर्व खर्चासह दर किलोवॅटला ६०,००० रुपये पडतो. एकूण खर्च ९,००,००० रुपये, अनुदान २,७०,०००, निव्वळ खर्च ६,३०,०००. महिन्याला १,६५० युनिट आणि वाचणाऱ्या युनिटची किंमत दहा रुपये धरली तर वर्षाची बचत १,९८,००० रुपये, म्हणजे सव्वातीन वर्षांच्या आसपास निव्वळ खर्च भरून निघतो. यातला दर आणि युनिटची किंमत उदाहरणापुरती आहे. आपल्या बिलातील आकडे घालून हीच मांडणी पुन्हा करावी.

सर्वसाधारण सभेच्या ठरावात क्षमता, कमाल खर्च, पैसे कोणत्या निधीतून येणार, सह्यांचे अधिकार कोणाला आणि देखभालीची जबाबदारी कोणाची, या पाचही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. ‘सौर प्रकल्पास मंजुरी देण्यात येत आहे’ एवढाच ठराव पुढे सचिवाला एकटे पाडतो. सिंकिंग फंडाला (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीला) केवळ कार्यकारिणीच्या निर्णयाने हात लावू नये.

टप्पा ५: दरपत्रके मागवा, आणि ती सारख्या मापाने मोजा

आता विक्रेत्यांना बोलवावे, तेही पोर्टलवर नोंदणी असलेल्यांनाच, आणि किमान तिघांना. प्रत्येकाला क्षमता, गच्चीचा खडूने आखलेला आराखडा आणि मीटरखोलीपर्यंतचे अंतर सारखेच द्यावे. दरपत्रकात पुढील बाबी स्वतंत्रपणे मागाव्यात.

पॅनेलचा उत्पादक, मॉडेल आणि वॅट. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सेल (उन्हापासून वीज बनवणाऱ्या चकत्या) दोन्ही भारतात बनलेले असणे बंधनकारक आहे. नुसते पॅनेल इथे जोडलेले असून चालत नाही. स्वस्त दरपत्रकामागे बहुधा हाच फरक दडलेला असतो.

सांगाडा. समुद्राच्या खाऱ्या हवेत रंग दिलेले साधे लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत गंजू लागते, म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेला) सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट लिहून घ्यावेत. गच्ची वापरात राहावी म्हणून सात-आठ फूट उंच सांगाडा हवा असेल तर दर वाढतो आणि वाऱ्याचा ताणही वाढतो; मुंबईसाठी भारतीय मानकात मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, त्यानुसार केलेले गणित अभियंत्याच्या सहीने मागावे. सांगाडा गच्चीला भोके पाडून बसणार की सिमेंटच्या ठोकळ्यांवर, हेही लेखी असावे.

केबल. याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण आमच्या सोसायटीला याचा फटका बसला. आमची इमारत सात मजली आणि मीटरखोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. दरपत्रकात तीस मीटर केबल धरलेली होती आणि त्यापुढे प्रतिमीटर जादा आकार, अशी ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होती. गच्चीवरील इन्व्हर्टरपासून डक्टमधून खाली आणि तिथून पार्किंगच्या छताखालून मीटरखोलीपर्यंत प्रत्यक्षात चोपन्न मीटर भरली. जादा चोवीस मीटरचे पैसे तर गेलेच, पण ठेकेदाराने तीच जुन्या जाडीची केबल वाढवली आणि दुपारी ऊन कडक असतानाच केबलमधील व्होल्टेज वाढून इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडू लागला. शेवटी जाड केबल टाकावी लागली. म्हणून दर मागण्यापूर्वी स्वतः दोरी धरून लांबी मोजावी आणि तेवढ्या लांबीसाठी केबलची जाडी किती, हे दरपत्रकात लिहून घ्यावे.

याशिवाय तीन स्वतंत्र अर्थिंग (पॅनेलच्या बाजूचे, पुरवठ्याच्या बाजूचे आणि आकाशातील विजेपासून बचाव करणाऱ्या वीजरोधकाचे), नेट मीटरचा खर्च कोणाचा, आणि पॅनेल वर चढवण्याची हमाली हेही विचारावे. सव्वादोन मीटर लांबीचे पॅनेल बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याचे वळण अरुंद असेल तर दोरखंडाने बाहेरून चढवावे लागते, आणि त्याचे पैसे नंतर मागितले जातात.

वस्तू आणि सेवा कर सप्टेंबर २०२५ पासून कमी झाला आहे. एकत्रित कामात ७० टक्के रकमेवर ५ टक्के आणि ३० टक्के रकमेवर १८ टक्के, म्हणजे एकूण ८.९ टक्के कर लागतो. कोणी १३.८ टक्के लावला असेल तर ते जुने दरपत्रक आहे.

इशारा: ‘वीज गेली तरी तुमचे दिवे चालू राहतील’ असे कोणी सांगत असेल तर सावध राहावे. बॅटरी नसलेली, ग्रिडशी (वीजकंपनीच्या जाळ्याशी) जोडलेली यंत्रणा पुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी बंद होते. बॅटरीचा खर्च वेगळा असतो आणि त्यावर हे अनुदान नाही.

टप्पा ६: अर्ज, मंजुरी, करार, आणि त्यानंतरच मोठी रक्कम

राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक आणि स्वतःच्या मोबाईल क्रमांकाने नोंदणी करावी. विक्रेत्याचा मोबाईल क्रमांक देऊ नये, कारण पुढील प्रत्येक सूचना त्यावरच येते. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीविना मंजुरी मिळाली असे मानले जाते आणि मंजूर भार वाढवण्याची गरज असल्यास तो वितरण कंपनीने वाढवायचा असतो. त्याहून मोठ्या यंत्रणेसाठी तांत्रिक व्यवहार्यतेची मंजुरी पंधरा दिवसांत अपेक्षित आहे. ती हाती येण्यापूर्वी काम सुरू करू देऊ नये.

करारात पाच वर्षांची देखभाल, पॅनेल व इन्व्हर्टरची हमी, आणि हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधलेले असावेत. शेवटचा हप्ता नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवावा. दहा टक्के जरी राखून ठेवले तरी ठेकेदाराचा पाठपुरावा टिकून राहतो. कर्ज घ्यायचे असल्यास तीन किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी सरकारी बँका दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. त्याची मंजुरी करारापूर्वी घ्यावी.

टप्पा ७: बसवणी आणि तपासणी

पॅनेल बांधण्यापूर्वी प्रत्येकाच्या मागील अनुक्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, कारण नंतर मागची बाजू सहज दिसत नाही आणि भारतीय बनावटीचा पुरावा याच क्रमांकांवरून जुळवला जातो. पॅनेलांची तोंडे दक्षिणेकडे असावीत. टाकीकडे, लिफ्टच्या खोलीकडे आणि जिन्यापासून गच्चीवर येणारी वाट मोकळी राहिली आहे का, ते चालून पाहावे. पॅनेलांच्या रांगांमध्ये माणूस बादली घेऊन जाऊ शकेल एवढी फट हवीच. ती नसेल तर कबुतरांची विष्ठा साफ करण्यासाठी कोणी पॅनेलवर पाय ठेवील.

काम पूर्ण झाल्यावर विक्रेता तपशील पोर्टलवर भरतो आणि नेट मीटरचा अर्ज होतो. वितरण कंपनीचे कर्मचारी पाहणीला येतील तेव्हा सोसायटीतर्फे जबाबदार व्यक्तीने स्वतः हजर राहावे. नेट मीटर बसण्यापूर्वी यंत्रणा सुरू करू नये: साध्या मीटरवर ती चालवली तर बाहेर गेलेली वीज वापर म्हणून मोजली जाण्याचा धोका असतो.

टप्पा ८: अनुदान आणि पहिले बिल

यंत्रणा कार्यान्वित झाल्याचा अहवाल पोर्टलवर दिसू लागला की बँक तपशील आपण स्वतः भरावेत. अनुदान साधारण तीस दिवसांत जमा होणे अपेक्षित आहे. ते अडते तेव्हा कारण बहुधा किरकोळ असते: खात्यावरील नावाचे स्पेलिंग वेगळे, शाखेचा जुना कोड, किंवा सोसायटीच्या खात्याऐवजी अध्यक्षांचे वैयक्तिक खाते.

पहिल्या बिलात घेतलेले युनिट, दिलेले युनिट आणि पुढे ओढलेली शिल्लक हे तीन आकडे पाहावेत आणि ते इन्व्हर्टरवरील निर्मितीशी ताडून पाहावेत. निर्मितीतून दिलेले युनिट वजा केले की दिवसा थेट वापरलेली वीज मिळते. ती उणे येत असेल तर मीटरच्या जोडणीत चूक आहे आणि त्याच आठवड्यात लेखी तक्रार करावी. बिल शून्य आले नाही म्हणून घाबरू नये, कारण स्थिर आकार राहतोच.

ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत दर पंधरा दिवसांनी, ऊन चढण्यापूर्वी, साध्या पाण्याने आणि मऊ पुसणीने पॅनेल धुवावेत. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. जवळ बांधकाम सुरू असेल तर आठवड्यातून एकदा धुवावेत. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला इन्व्हर्टरवरील एकूण निर्मितीचा आकडा वहीत लिहावा आणि ती वही मीटरखोलीतच ठेवावी, म्हणजे कार्यकारिणी बदलली तरी पाच वर्षांच्या देखभालीच्या मुदतीत ठेकेदारासमोर ठेवायला आकडे तयार असतील.